घोड्याची भूल म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचा

राजारामपुरीकरीण

काल तालीमवाला यांची पोस्ट पडली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: केटामीन म्हणजे घोड्याला द्यायची भूल, पोरं पार्टीत घेतात तीच, आता डिप्रेशनच्या नावाखाली सलाईनमधनं नशा देतात आणि हजारो रुपये उकळतात, त्यापेक्षा पहाटे उठून रंकाळा तळ्याला दोन फेऱ्या मारा, डोकं जागेवर येतंय. खाली नुसते अंगठे. रात्री दोनपर्यंत मला झोप नाही.

माझा धाकटा भाऊ, वय ३४, शिरोलीत फौंड्रीत सुपरवायझर. साडेतीन वर्षं झाली. तीन वेगवेगळ्या गोळ्या झाल्या, प्रत्येक पूर्ण डोसला, प्रत्येक दोन-दोन महिने. दोन औषधं नीट घेऊनही फरक नाही पडला तर डॉक्टर त्या डिप्रेशनला औषधांना दाद न देणारं म्हणतात, याची तीन झाली होती. आणि रंकाळा म्हणाल तर पहिलं वर्षभर मीच त्याला रोज पहाटे न्यायचे. चालायचा गुमान. तळ्यातला संध्यामठ दिसायला लागला की थांबायचा आणि पाण्याकडे बघत राहायचा, आणि मी मागनं त्याचा शर्ट मुठीत धरून उभी. लोक बाजूनं फेऱ्या मारत जायचे. आमची फेरी अशी असायची.

मग डॉक्टरांनी केटामीन सुचवलं. किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, ४० मिनिटांत हळूहळू. भाऊ ६४ किलो, म्हणजे ३२ मिलिग्रॅम. ऑपरेशनला भूल देताना याच्या दुप्पट ते चौपट एकदम शिरेत देतात. दंडाला बीपीचा पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, सिस्टर शेजारी बसलेली. मधेच म्हणाला, "ताई, पंखा लई लांब गेलाय." बीपी थोडं चढलं, एकदा उलटी झाली, तासाभरानं उठला. पहिल्या वेळी काही नाही. दुसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पायरीवर बसून नखं कापतोय. चार महिने त्याची नखं मी कापत होते, झोपेत, लहान बाळाची कापतात तशी.

नवव्या दिवशी परत खाली गेला, तेही सांगते. सहा झाले, आता महिन्याला एक चालू आहे. जादू नाही. पण याला नशा म्हणायचं असेल तर माझ्या समोर येऊन म्हणा.

तालीमवाला

ताई, भावाचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण शब्द मागं घेत नाही. माझा सख्खा पुतण्या. ॲक्सिडेंट झाला, दुखण्यावर डॉक्टरनीच इंजेक्शन लिहून दिलं, डॉक्टरनीच वाढवलं, आणि सहा महिन्यांनी पोरगं ते इंजेक्शन मिळवायला आईचं मंगळसूत्र विकून आलं. दोनदा व्यसनमुक्तीला ठेवला. तेव्हा पण सगळे हेच म्हणत होते, मापात आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे. केटामीनवर तो अमेरिकेतला नट मेला की नाही? तो पण डिप्रेशनसाठीच घेत होता की नाही?

अक्षय_इचलकरंजी

मॅथ्यू पेरी, ऑक्टोबर २०२३. पण अर्धंच सांगू नका. दवाखान्यातला त्याचा शेवटचा डोस आधीच आठवडाभराच्या वर झालेला होता, आणि शवविच्छेदनात स्पष्ट लिहिलंय की अंगात सापडलेलं केटामीन त्या डोसचं असूच शकत नाही. घरी बाहेरनं मिळवून टोचून घेत होता, प्रमाण पूर्ण भूल देतात तेवढं, आणि वर गरम पाण्याच्या टबात एकटा. ज्यांनी पुरवलं त्यांच्यावर २०२४ मधे गुन्हे दाखल झाले, त्यात दोन डॉक्टर होते.

तालीमवाला

म्हणजे डॉक्टरच होते. मी वेगळं काय म्हणतोय?

मेडिकलवाला_शाहूपुरी

इथं कायद्याचं कुणी बोलेना म्हणून मधे पडतो. केटामीन भारतात २०११ पासून एनडीपीएसमधे, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यात आहे आणि २०१३ पासून शेड्यूल एक्समधे. म्हणजे वेगळं लायसन, चिठ्ठी दोन प्रतीत, एक प्रत दुकानात दोन वर्षं जपायची, माल कुलपात. त्यामुळं आमच्यातले बरेच जण ते ठेवतच नाहीत, मी पण नाही. आणि त्रास सगळा कागद नीट ठेवणाऱ्याला. माझ्याकडं एकदा तपासणीला आले, झोपेच्या गोळ्यांच्या रजिस्टरमधे एका तारखेवर खाडाखोड होती म्हणून तीन चकरा मारायला लावल्या, आणि तिकडं ऑनलाईनवाले व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर गोळ्या घरपोच देतात त्यांना विचारणारं कोण नाही. आठ वर्षं अर्ज करतोय मी यावर.

राजारामपुरीकरीण

दादा, तुमचं दुखणं खरं आहे पण त्यावर वेगळा धागा काढा. इथं माणसं मरतायत की जगतायत त्यावर बोलतोय.

मिरजेची_सिस्टर

३१ वर्षं ऑपरेशन थिएटरात काढली, म्हणून सांगतो. घोड्याची भूल काय, घोड्याची भूल? भाजलेल्या लेकरांचं ड्रेसिंग या औषधावर केलंय मी. श्वास दाबत नाही, बीपी पाडत नाही, म्हणून जिथं मोठी मशिनरी नाही तिथं हेच. १९७० पासून माणसांना देतायत आणि डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत १९८५ पासून आहे. जनावरांना देतात, व्हय, पेनिसिलीन पण देतात.

पण तालीमवाले दादांचं एक बरोबर हाय. औषध स्वस्तातलं हाय. एका बाटलीत ५०० मिलिग्रॅम असतं, ताईंच्या भावाला ३२ लागलं. मग एका वेळचं बिल किती झालं ते ताईंनी सांगावं. खोलीचे, माणसाचे, मॉनिटरचे पैसे होतात, कबूल. तरी सांगावं.

राजारामपुरीकरीण

साडेपाच हजार. सहा वेळचे तेहतीस, अधिक तपासण्या. मेडिक्लेमनं २४ तास ॲडमिट नाही म्हणून क्लेम परत पाठवला. शारीरिक आजारासारखाच मानसिक आजाराला विमा द्या असं २०१७ च्या कायद्यात लिहिलंय, तो कागद जोडून पाठवला, उत्तर नाही. बांगड्या मोडल्या दोन. लपवायचं काय त्यात.

गडहिंग्लजकर

मी आत्तापर्यंत गप्प होतो. माझ्या बायकोला केटामीनचे पाच डोस झाले. शून्य. उलट प्रत्येक वेळी त्या अर्ध्या तासात ती एवढी घाबरायची की माझा हात सोडायची नाही, आपण मेलोय आणि वरनं बघतोय असं वाटतंय म्हणायची. पाचव्यानंतर म्हणाली परत नेलंस तर मी उडी मारून उतरेन गाडीतनं. तिला शेवटी शॉकनं, डोक्याला विजेचे देतात त्यानं, बरं वाटलं. आठ शॉक. आज शाळेत शिकवतेय. तेव्हा सगळ्यांना हे नवीन औषध सांगत सुटण्याआधी जुनं काय आहे ते सांगा. कुणी नाव घेत नाही शॉकचं, लाज वाटते.

पंचगंगेकाठी

शॉकचं नाव का घेत नाहीत ते मी सांगतो. माझ्या आईला दिले. साल १९८३, मी नऊ वर्षांचा. बिनभुलीचे. चार माणसांनी हातपाय धरायचे, तोंडात रबर. दार उघडंच होतं. घरी आली तेव्हा तिला माझ्या बहिणीचं नाव आठवेना. पुढं गल्लीत पोरं मला चिडवायची, तुझी आई रत्नागिरीला वेड्यांच्या दवाखान्यात जाणार. तुम्ही इथं आठ शॉक म्हणून आठ आंबे सांगितल्यासारखं सांगताय.

गडहिंग्लजकर

तुमच्या आईच्या बाबतीत झालं तो अत्याचार होता. पण ४० वर्षांपूर्वीचं घेऊन आजच्या पेशंटच्या मनात भीती घालू नका. २०१७ च्या कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करायचं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी आहे. माझी बायको झोपलेली असायची, पायाचा अंगठा जरा हलायचा, बस. मी बघितलंय.

पंचगंगेकाठी

मी पण बघितलंय.

गडहिंग्लजकर

मग काय करायचं? बायकोला तशीच ठेवायची होती? तुमच्यासारख्यांच्या गोष्टी ऐकून माझ्या सासऱ्यांनी दोन वर्षं शॉक देऊ दिले नाहीत. दोन वर्षं! माझी पोरगी त्या दोन वर्षांत आईशी एक वाक्य बोलली नाही. त्याचा हिशोब कुणाकडं मागू?

पंचगंगेकाठी

माझ्याकडं मागताय काय? मी माझ्या आईचं सांगायचं पण नाही?

अक्षय_इचलकरंजी

दोघांनी जरा दम खावा. आकडे बघा. २०२३ ची अमेरिकेतली मोठी चाचणी, चारशेच्या वर पेशंट, भ्रम नसलेलं पण दाद न देणारं डिप्रेशन. केटामीनवर शंभरातल्या ५५ जणांना निम्म्यानं किंवा जास्त फरक पडला, शॉकवर ४१ जणांना. पण त्याच्या आदल्या वर्षीच स्वीडनची आली, तिथं दवाखान्यात भरती झालेले जास्त आजारी लोक होते, तर शॉकवर ६३ टक्के पूर्ण बरे आणि केटामीनवर ४६. म्हणजे कुणाला काय लागू पडेल ते आजार किती खोल आहे त्यावर. वहिनींना शॉक लागू पडला यात केटामीनचा खोटेपणा सिद्ध होत नाही, आणि ताईंच्या भावानं शॉक जुना ठरत नाही.

आणि ताई, तुमच्याही विरोधात एक सांगतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात डिप्रेशनच्या ४० जणांना ऑपरेशनसाठी पूर्ण भूल दिलेली असताना निम्म्यांना केटामीन दिलं, निम्म्यांना नुसतं सलाईन. कुणाला काय मिळालं हे पेशंटला कळायची सोयच नाही. दोन्हीकडं सारखाच फरक पडला. एरवी पंखा लांब गेला की पेशंटला कळतंच की आपल्याला खरं औषध लागलंय, आणि आशेनंच अर्धं काम होतं. प्रश्न उरतो की नाही?

राजारामपुरीकरीण

उरतो. मग मला सांगा, आशेनं होत असतं तर आधीच्या तीन गोळ्यांना का झालं नाही? त्या प्रत्येक वेळी आम्ही अंबाबाईला ओटी भरून सुरू केल्या होत्या. आशा कमी नव्हती आमच्या घरात.

अक्षय_इचलकरंजी

याला माझ्याकडं उत्तर नाही. त्या गोळ्या मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर चालतात, चार-सहा आठवडे घेतात, हे औषध ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनावर चालतं म्हणून काही तासांत फरक दिसतो, हे २००० साली येल विद्यापीठात सात पेशंटवर पहिल्यांदा दिसलं आणि २००६ ला परत दिसलं. औषधात काहीतरी आहे हे मी मानतो. किती औषधाचं आणि किती आशेचं, एवढाच माझा मुद्दा.

तालीमवाला

आकडे तुमचे तुमच्याजवळ. मला एक सांगा, महिन्याला एक चालू आहे म्हणताय, ते थांबणार कधी? पुतण्याचं पण महिन्याला एकच होतं सुरवातीला.

राजारामपुरीकरीण

हा प्रश्न मी डॉक्टरांना प्रत्येक वेळी विचारते आणि प्रत्येक वेळी ते म्हणतात बघू. या एका गोष्टीची मला भीती आहे. रोज केटामीन ओढणाऱ्यांची मूत्राशयं कायमची खराब होतात हे वाचलंय, म्हणून दर वेळी लघवीची तपासणी करून घेते. बाटली, सुई घरी आणत नाही. डोस झाल्यावर दुसऱ्या दिवशीपर्यंत गाडीला हात लावू देत नाही. किल्ली माझ्या कनवटीला. यापेक्षा जास्त काय करू ते तुम्ही सांगा, मी करीन.

मिरजेची_सिस्टर

ताई, दोन डोसमधलं अंतर डॉक्टरांशी बोलून हळूहळू वाढवत नेता येतंय काय ते विचारा. पाच आठवडे, मग सहा. कुठल्या दिवशी खाली जातोय ते वहीत लिहून ठेवा. आणि नुसत्या डोसवर ठेवू नका, गोळी आणि समुपदेशन चालूच पाहिजे. आणि इथं वाचणाऱ्या कुणाला रात्री-अपरात्री जड झालं तर १४४१६, टेलीमानस, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. माझ्या शेजारणीनं फोन केला होता, उचललाय त्यांनी.

पंचगंगेकाठी

गडहिंग्लजकर, रात्री चढ्या आवाजात बोललो. तुमच्या मिसेसना विसरायला होतं काय? आईला मरेपर्यंत व्हायचं.

गडहिंग्लजकर

त्या दोन-तीन महिन्यांतलं तिला काही आठवत नाही. पोरीची दहावीची परीक्षा त्यातच गेली. त्याचं तिला वाईट वाटतं, मी आधी लिहिलं नाही. बाकी सगळं आहे. शाळेतल्या सगळ्या पोरांची नावं पाठ आहेत.

पंचगंगेकाठी

बरं. माझं मत बदललं नाही. पण बरं.

तालीमवाला

रंकाळ्याची ओळ काढली पोस्टमधनं. तो शर्ट धरल्याचं वाचल्यावर ठेववेना. घोड्याची पण काढली, सिस्टर म्हणाल्या म्हणून. पैशाची ओळ ठेवलीय, नशेची पण. पुतण्या आमच्या घरात आहे, ती मी काढणार नाही.

राजारामपुरीकरीण

पैशाची ठेवा, साडेपाच हजाराचा आकडा घाला वाटल्यास. नशेच्या ओळीवर मी उद्या परत लिहिणार आहे. आत्ता त्याला जेवायला वाढायचंय.