पाच वर्षे व्हायला पाच महिने उरले असताना राजीनामा द्यावा का?

चाकणकर:
चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी गुणवत्ता विभागात आहे आणि तेथे मला चार वर्षे सात महिने झाली आहेत. पगार वेळेवर होतो, कंपनीची बस आहे, वरिष्ठांशी वैर नाही. मात्र दिवाळीपासून महिनाअखेरीच्या डिस्पॅचची घाई झाली की पाच नग मोजायचे असताना एकच मोजून उरलेल्या चार रकान्यांत अंदाजे आकडे भरायला सांगितले जाते, आणि खाली सही माझी असते. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २६ हजार आहे. पाच वर्षे सेवा झाल्यावर नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेसाठी, म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी, थांबावे का?

पगारपत्रक:
शेवटच्या मूळ पगार व महागाई भत्त्याला २६ ने भागून १५ ने आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे, म्हणजे तुमचे पाच वर्षांचे ७५ हजार होतात. नोटीस पिरियडही सेवेत धरला जातो. तो तीन महिन्यांचा असेल तर दोन महिन्यांनी राजीनामा दिला तरी पाच वर्षे भरतात. कंपनीने आधीच कार्यमुक्त केले तर मात्र गणित फसते, म्हणून थोडे दिवस हाताशी ठेवावेत. पीएफ काढू नका, नव्या कंपनीत वर्ग करून घ्या. पेन्शनसाठी लागणाऱ्या दहा वर्षांत ही सेवाही मोजली जाते.

जुना तपासनीस:
हिशेब बरोबर आहे, पण मला तो दुय्यम वाटतो. मीही अशा सह्या केल्या आहेत. ग्राहकाकडून माल परत आला तेव्हा टेबलावर माझ्या सहीचा कागद होता, आणि ज्यांनी तोंडी सांगितले होते ते त्या बैठकीत खाली मान घालून बसले होते. पहिला खोटा आकडा लिहिताना माझा हात अडखळला होता. तिसऱ्या महिन्यात मी मायक्रोमीटर पेटीतून बाहेरही काढत नव्हतो. निघायचे ते तेव्हाच, हे मला फार उशिरा कळले. तोवर निदान न मोजलेल्या नगाचा रकाना कोरा सोडून पाहा.

चाकणकर:
शनिवारी चार रकाने कोरे ठेवून सही केली. पर्यवेक्षकांनी काही न बोलता नवा कागद काढला, शेजारच्या मुलाकडून भरून घेतला आणि गाडी वेळेवर गेली. तो मुलगा जूनमध्येच लागला आहे. नेमणूकपत्रात पाहिले, नोटीस दोनच महिन्यांची आहे. म्हणजे राजीनाम्यासाठी आणखी तीन महिने थांबावे लागेल. तेवढे थांबवेल असे वाटत नाही. दोन ठिकाणी अर्ज पाठवले आहेत.