मदत हवी आहे: टेंडनच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) टाक्यांनंतर बोटाचं टोक वाकत नाही, पुट्टी (व्यायामासाठी दाबायचा मऊ गोळा) कधी द्यावी?

सांगली-मिरज भागात हाताचे टेंडन हाताळणारे फिजिओ ग्रुपवर असतील तर सल्ला हवा आहे. पेशंट ऊसतोड कामगार. ऊस धरलेल्या डाव्या हातावर कोयता बसून मधलं बोट वाकवणारे दोन्ही टेंडन तुटले होते. टाके घालून सात आठवडे झालेत. दुसऱ्या हाताने दाबलं की बोट पूर्ण मिटतं. स्वतःहून मात्र टोकाचं पेर जेमतेम 20 अंश. म्हणजे सांधा मोकळा आहे, टेंडन व्रणाला चिकटलाय.

सध्या दर दोन तासांनी बोटं सरळ, मग तळहाताजवळचा सांधा सरळ ठेवून बोटांचा हुकासारखा आकडा, मग पूर्ण मूठ, 10-10 वेळा. शिवाय मधलं पेर धरून फक्त टोक वाकवायचं, 5 सेकंद थांबायचं. गडबड इथेच होते: पकड सैल पडली की मधला सांधाच वाकतो, टोक जागचं हलत नाही.

मऊ पुट्टी आत्ताच द्यावी की आठवा आठवडा उलटू द्यावा? चिकटलेल्या टेंडनला थोडा जोर लवकर चालतो, मोकळा सरकणाराच उलट जपावा लागतो, हे मान्य. पण हंगाम चालू आहे, मुकादमाचे फोन येतायत. पुट्टी हातात पडली की हा गडी सगळी ताकद लावणार. 12 आठवड्यांआधी कोयता नाहीच, त्यावर चर्चा नको. त्याऐवजी ओला स्पंज किंवा सैल मळलेली कणीक कुणी देऊन पाहिली आहे का? कणीक उघडी राहिली की घट्ट होते, तेवढीच धास्ती.