शेतातल्या शेडसाठी वेल्डिंग मशीन: २०० अँपियरचं घेऊ की कमीचं चालेल?

केळीवाला_यावल:
राम राम मंडळी. घरी ग्राइंडर, ड्रिल आहे, आता वेल्डिंग मशीन घ्यायचं म्हणतोय, कारण बारीकसारीक कामाला गावातल्या वेल्डरकडे खेटे घालावे लागतात आणि पेरणीच्या तोंडावर त्याच्याकडे एवढी गर्दी की वखराची पास (जमिनीत चालणारं लोखंडी पातं) तुटली तर दोन-दोन दिवस नंबर लागत नाही. कामं म्हणजे कूलरचं स्टँड, बंगईचे हूक, खळ्याच्या फाटकाची बिजागरी, एक इंची चौकोनी पाईपाचा मांडव, असंच. जळगावला दुकानात विचारलं तर एक म्हणे २०० अँपियरचं इन्व्हर्टर (हलकं इलेक्ट्रॉनिक वेल्डिंग मशीन) घ्या, दुसरा म्हणे २५० शिवाय जमणार नाही, तिसरा म्हणे जुनं तांब्याच्या वाइंडिंगचं ट्रान्सफॉर्मरवालंच बरं. आपल्याकडे सिंगल फेज आहे आणि शेड घरापासून ६० मीटरवर. मागच्या महिन्यात मित्राचं मशीन आणून पाहिलं तर रॉड नुसता चिकटत होता, आर्क (रॉड आणि लोखंडामधली विजेची ज्योत) धरतच नव्हता, मित्राच्या घरी मात्र तेच मशीन लोण्यासारखं चालतं. माझ्या हाताचा दोष की अजून काही? आणि घेऊ कोणतं?

फॅब्रिकेशन_धुळे:
भाऊ, मशीन नंतर, आधी लाइन बघा. शेडपर्यंत वायर कोणती नेलीय? दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस एमएम जाडीची) असेल तर जाऊन-येऊन १२० मीटर तांबं झालं, त्यावर २५ अँपियर ओढले की ३५ व्होल्ट वायरमधेच गेले, मग मशीनला उरतं काय? मी अवधान एमआयडीसीत काम करतो, नवीन मशीन खराब म्हणून परत घेऊन येणारे निम्मे लोक असलेच असतात. एक मल्टिमीटर घ्या, शेडच्या सॉकेटवर लावून ठेवा, रिकामं असताना किती दाखवतो ते लिहून घ्या आणि दुसऱ्याला रॉड ओढायला सांगून तेव्हा किती होतो ते बघा. हा दुसरा आकडा खरा. आणि एक्स्टेंशनचं भेंडोळं तसंच गुंडाळलेलं ठेवून वेल्डिंग करू नका, आत तापून इन्सुलेशन वितळतं, पूर्ण उलगडून टाका.

अँपियरचं म्हणाल तर तुमच्या कामाला बारा नंबर रॉड म्हणजे अडीच एमएम, तो ७०-८० अँपियरवर चालतो, जाड अँगल आला तर दहा नंबर, तो ११०-१२०. म्हणजे २०० चं पुष्कळ झालं. २५० च्या नादी लागू नका, घरातल्या मीटरवर ते पूर्ण चालणारच नाही. ट्रान्सफॉर्मरवालं दणकट असतं हे खरं, पण उचलायला दोन माणसं लागतात आणि सिंगल फेजवर लाइन फार ओढतं, शेजाऱ्याचे दिवे लुकलुकतात.

भुसावळ_वर्कशॉप:
धुळेवाल्या भाऊंशी सहमत, एक भर घालतो. मशीनवर ड्युटी सायकल लिहिलेली असते, २०० अँपियरला ६० टक्के म्हणजे १० मिनिटांत ६ मिनिटं वेल्डिंग, ४ मिनिटं आराम. पण हा आकडा ४० डिग्रीला धरलेला असतो आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ जातं, पत्र्याच्या शेडमधे तर विचारूच नका. म्हणून २०० चं घ्या आणि ८० वर वापरा, म्हणजे मशीन दमत नाही. आतला पंखा धूळ ओढतो, त्यात ग्राइंडरचा लोखंडी कीस गेला की बोर्ड शॉर्ट होतो, कापसाचं तूसही बसतं, म्हणून ग्राइंडर मशीनपासून लांब चालवा आणि महिना-दोन महिन्यांनी प्लग काढून हवा मारा. रॉड ६०१३ (साध्या लोखंडाचा नेहमीचा प्रकार) घ्या, पावसाळ्यात ओल लागू देऊ नका, झाकणाच्या डब्यात ठेवा. पातळ पाईपाला रॉड मायनसला लावून पहा, भोकं कमी पडतात.

शहाद्याची_ताई:
मला मशीनमधलं कळत नाही पण डोळ्यांचं सांगते, राहवत नाही म्हणून. आमच्याकडे गेट बसवताना माझा धाकटा भाऊ नुसता बाजूला उभा राहून अँगल धरत होता, गॉगलबिगल काही नाही. दिवसा काहीच झालं नाही. रात्री बाराला उठला, डोळ्यात वाळू भरल्यासारखं, पाणी थांबेना, उजेड सहन होईना. कोणी बटाट्याची चकती ठेवा म्हणे, कोणी दूध घाला म्हणे, तसलं काही करू नका दादा, सरळ डॉक्टरकडे न्या. हेल्मेटची काच दहा-अकरा नंबरची घ्या, आणि धरणाऱ्यालाही तेवढीच द्या. अंगणात मुलं असतील तर आडपडदा लावा, पोरं त्या उजेडाकडे बघत राहतात. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला, नायलॉन नको. आणि गॅल्व्हनाइज पाईप असेल तर जस्त घासून काढल्याशिवाय रॉड लावू नका, त्या पांढऱ्या धुराने माणूस रात्री थंडी वाजून तापतो.

केळीवाला_यावल:
सगळ्यांचे आभार. आज मोजलं भो. रिकामं २३१, रॉड घासला की १८६! वायर खरंच दीडचीच निघाली, शेड बांधताना एका बल्बसाठी टाकलेली. आज वायरमनला बोलावून ४ एमएम टाकली, सोबत वेगळा एमसीबी (जास्त करंट ओढला की आपोआप पडणारा स्विच) आणि अर्थिंगचा खड्डाही करून घेतला. तेच मित्राचं मशीन, आता २१४ दाखवतं आणि पहिल्याच घासण्याला आर्क धरला. २०० चंच घेतोय. आता राहिली वखराची पास, ती ६०१३ ने जोडली तर टिकेल का?

फॅब्रिकेशन_धुळे:
नाही टिकणार. पास कडक पोलादाची असते, ६०१३ ने जोडली तर शिवणीच्या कडेनेच तडकते, पहिल्याच तासात. ७०१८ (जास्त मजबूत जोडाचा रॉड) घ्या, पण सुका, पाकीट फुटलेलं नको, आणि रॉड प्लसला लावा. आधी तुटलेल्या दोन्ही कडा ग्राइंडरने तिरप्या घासून व्ही करा, मग पास चुलीवर तापवा, पाण्याचा थेंब टाकला की चुर्र होऊन उडाला पाहिजे. छोटे छोटे टाके घ्या, एका दमात ओढू नका. झालं की पाणी चुकूनही मारू नका, चुलीच्या गरम राखेत गाडून रात्रभर राहू द्या. सकाळी काढा.