स्ट्रेन हार्डनिंगला 'निबर होणे' चालेल का?

चाटीगल्लीकर : डिप्लोमाच्या पोरांसाठी मराठीत नोट्स काढतोय आणि इथंच गाडी अडली. धातू ठोकला, ओढला की कडक होत जातो, त्याला काय म्हणायचं? स्ट्रेनला (ओढल्यावर आकार किती बदलला ते) 'विकृती' म्हटलं की वर्गात हशा, 'ताण' म्हणावं तर स्ट्रेस (दर क्षेत्रफळामागचं बळ) पण ताण अन् स्ट्रेन पण ताण, मग होलोमनचं 1945 चं समीकरण (स्ट्रेस = के गुणिले स्ट्रेनचा एन वा घात) शिकवू कसं? मला 'निबर' सुचतंय, भेंडी निबर होते तसं.

बाळीवेशीतला : शब्द आहे की राव, मठारणे! आजीच्या तांब्याच्या घागरीवर ते ठोके दिसतात ना, ते नुसते शोभेला नसतात, त्यानं पत्रा घट्ट होतो. आणि तांबट मधेमधे पत्रा लाल करून नरम करून घेतो, नाहीतर चिरतो.

चाटीगल्लीकर : मठारणं हे माणसाचं काम झालं, मला धातूचं 'होणं' पाहिजे. तार ओढताना हातोडी कुठाय?

जुळेसोलापूर : पण निबर भेंडी कधी परत कोवळी होते का? तांबं लाल केलं की होतं. 'ताठरणे' घ्या.

चाटीगल्लीकर : नको नको, ताठरपणा म्हणजे स्टिफनेस, यंगचा मॉड्युलस, तो ठोकून जवळपास बदलतच नाही! वाढतं ते वाकवायला लागणारं बळ, आणि वर ताणायची ऐपत कमी होते. 'निबर'मध्ये ही दोन्ही येतात, म्हणून अडून बसलोय.

बाळीवेशीतला : बरं, मग त्या एन ला 'निबरांक' म्हणा. नरम तांब्याचा साधारण अर्धा, म्हणजे स्ट्रेन चौपट झाला की स्ट्रेस दुप्पट. साध्या स्टीलचा पाव धरला तर चौपटीला दीडपट पण नाही. आणि खरा स्ट्रेन (ट्रू स्ट्रेन, त्या त्या क्षणाच्या लांबीवर मोजलेला) एन एवढा झाला की तुकडा एका जागी बारीक व्हायला लागतो, हे कॉन्सिडेअरच्या अटीवरून निघतं. वाढतं का, तर आत डिस्लोकेशनची (अणूंच्या रांगांतल्या सरकणाऱ्या दोषांची) गर्दी, गड्ड्याच्या जत्रेत कसं कुणाला पुढं सरकता येत नाही तसं.

जुळेसोलापूर : गर्दी पटली. फक्त होलोमनची रेघ वर चढतच राहते, खरा धातू पुढं सपाट होत जातो, व्होसनं 1948 ला त्याचं वेगळं सूत्र दिलंय. त्या सपाटीला काय म्हणणार?

चाटीगल्लीकर : 'निबराई भरली'. हसू नका, नोट्समध्ये टाकतोय.