मदत हवी आहे: बालेस्ट्रांडला राहून हॉपरस्टाडचे लाकडी चर्च कसे पाहावे?

नमस्कार.

येत्या जूनमध्ये मी वडिलांना घेऊन नॉर्वेला जाणार आहे. बर्गनहून जलद बोटीने सुमारे चार तासांत सोग्नेफ्योर्डच्या उत्तर काठावरील बालेस्ट्रांडला पोहोचावे आणि तिथे तीन रात्री राहावे, असा बेत आहे. वडील ७२ वर्षांचे असून त्यांचा जन्म सुतारकामात गेला आहे. त्यांना नॉर्वेतील जुनी लाकडी चर्च पाहायची आहेत. पूर्वीच्या चर्चचे खांब थेट जमिनीत पुरलेले असत आणि ओलीने कुजत, म्हणून पुढे दगडी पायावर आडवे तुळवट टाकून त्यांवर खांब उभे केले गेले, आणि त्यामुळेच यांतील काही इमारती नऊशे वर्षे टिकल्या, हे वाचल्यापासून ते त्याच विषयावर बोलत असतात. मध्ययुगातील अशी केवळ २८ चर्च नॉर्वेत उरली आहेत.

बालेस्ट्रांडमधील सेंट ओलाफ चर्च त्याच शैलीतले असले, तरी ते १८९७ सालचे आहे. तिथल्या क्विक्ने कुटुंबात लग्न होऊन आलेल्या मार्गारेट ग्रीन या इंग्रज बाईंच्या स्मरणार्थ ते बांधले गेले. ते, क्विक्नेस हॉटेलची लाकडी इमारत, वायकिंग काळातील दफनाचे उंचवटे आणि जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याने १९१३ मध्ये गावाला भेट म्हणून दिलेला, दंतकथेतील राजा बेले याचा पुतळा, हे सर्व पायी पाहता येईल असे वाटते. अडचण पलीकडच्या काठाची आहे. वीक येथील हॉपरस्टाडचे चर्च साधारण ११३० सालचे आहे आणि वडिलांच्या दृष्टीने प्रवासाचे खरे कारण तेच आहे. आम्ही तिथे गाडी चालवणार नाही. ड्राग्सविकहून वांग्सनेसला फेरीने जाऊन पुढे वीकपर्यंत बस सोयीच्या वेळेत मिळते का, की बालेस्ट्रांडच्या धक्क्यावरून जलद बोटीनेच वीकला जाऊन त्याच दिवशी परतणे बरे पडेल? वडिलांचे गुडघे दुखतात, त्यामुळे धक्क्यापासून चर्चपर्यंतचा रस्ता किती चढाचा आहे, हेही कृपया सांगावे.

जागतिक वारसा यादीतील उर्नेसचे चर्च सोल्वोर्नहून फेरीने गाठता येते, परंतु एका दिवसात दोन्ही उरकण्यापेक्षा हॉपरस्टाडला निवांत दोन-तीन तास द्यावेत असे माझे मत आहे. फ्लॉमच्या रेल्वेचाही आग्रह अनेकांनी केला. तो मी बाजूला ठेवला आहे.

ज्यांनी हॉपरस्टाड आतून पाहिले आहे त्यांना आणखी एक विचारायचे आहे. छताखालील लाकडांचे सांधे खाली उभे राहून नीट दिसतात का, की वडिलांसाठी छोटी दुर्बीण सोबत घ्यावी?