मदत हवी आहे: पहिलाच कस्टम वॉटरकूलिंग लूप, प्रोसेसर २ सेकंदांत १०० अंशांवर

उत्तररात्र
दोन आठवडे खपून पहिला लूप (पंपाने पाणी फिरवून संगणक थंड ठेवणारी जोडणी) बांधला. काल पाणी भरलं, खाली कागद पसरून रात्रभर नुसता पंप चालवला, एक थेंबही गळला नाही. आज सकाळी मशीन चालू केलं तर काहीही न करता प्रोसेसर ५५ वर, आणि सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) लावलं की २ सेकंदांत १००. लगेच क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, पडतं. आधीच्या साध्या पंख्याच्या कूलरवर हाच प्रोसेसर ९० च्या वर गेला नव्हता. पंप चालू आहे, पाणी फिरताना दिसतंय, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट नवी आहे. अधूनमधून गुडगुड आवाज येतो. काय चुकलंय? "सगळं सोडवून पुन्हा बांधा" असं कृपया सांगू नका, उद्या संध्याकाळी याच मशीनवरून रेंडर पूर्ण करून द्यायचा आहे.

रानवारा
प्रोसेसर कुठला ते लिहिलंच नाही. ग्राफिक्स कार्ड लूपमध्ये आहे का? ट्यूब मऊ की कडक? रेडिएटर केवढे? पंप कोणता, किती आरपीएम? आणि आतले प्रचि (फोटो) टाका.

घनगर्द
रेडिएटर कमी पडतोय. माझंही अगदी असंच होत होतं. २४० मिमीचा काढून जाड ३६० चा लावला आणि १० अंशांचा फरक पडला. नवीन लोक ब्लॉकवर (चिपवर बसणारा, आतून पाणी जाणारा ठोकळा) खर्च करतात आणि रेडिएटरवर हात आखडता घेतात.

उत्तररात्र
प्रोसेसर इंटेल १३७००के, ग्राफिक्स कार्ड ३०८० (तेही लूपमध्ये). एक ३६०, एक २४०. डी५ पंप. ट्यूब मऊ. प्रचि रात्री टाकतो. यात नक्की काय बघायचंय? पाणी फिरतंय हे मी सांगितलंय ना.

पिंपळपार
गुडगुड म्हणजे हवा. हवा रेडिएटरच्या वरच्या टोकाला जाऊन बसते. पॉवर सप्लायची बाकी सगळी जोडणी काढा, २४ पिनच्या कनेक्टरला जंपर (दोन पिना जोडणारी छोटी वायर) लावून फक्त पंप चालवा आणि केस पुढे, मागे, दोन्ही बाजूंना ३०-४० अंश कलती करा. रिझर्व्हॉयरचं (पाण्याच्या टाकीचं) पंपाकडे जाणारं तोंड मात्र पाण्याखाली राहायला हवं. डी५ ला वंगण पाण्याचंच, कोरडा फिरला की बेअरिंग गेलं. पातळी खाली गेली की भरत राहा. मला पहिल्या वेळी दोन दिवस लागले होते.

सावकाश
घनगर्द, रेडिएटर कमी पडला तर २ सेकंदांत १०० होत नाही. लूपमध्ये साधारण लिटरभर पाणी धरा. त्यात २५० वॉट ओतले आणि रेडिएटर अजिबात नाही असं मानलं, तरी पाणी १ अंशाने तापायला जवळजवळ १७ सेकंद लागतात. रेडिएटरचा दोष असेल तर तापमान १५-२० मिनिटं हळूहळू चढत जातं. क्षणात उडी मारत असेल तर दोष चिप आणि पाणी यांच्या मध्ये आहे, म्हणजे पेस्ट, दाब किंवा ब्लॉकच्या आत.

धागाकर्ते, दोनच गोष्टी सांगा. अर्धा तास गेम खेळून ग्राफिक्स कार्ड किती होतं? आणि लोड काढल्यावर प्रोसेसर किती वेळात खाली येतो?

उत्तररात्र
कार्ड ५२. लोड काढला की प्रोसेसर लगेच ५५-६०, सेकंदभरात.

सावकाश
मग पाणी, पंप आणि रेडिएटर तिन्ही ठीक आहेत. दोन्ही ब्लॉक एकाच रांगेत आहेत, जे पाणी कार्डातून जातं तेच प्रोसेसरमधून जातं. ३२० वॉटचं कार्ड ५२ वर राहतंय, म्हणजे प्रवाह मिळतोय. घोळ प्रोसेसरच्या ब्लॉकपाशीच आहे.

घनगर्द
कार्डातून तापलेलं पाणी प्रोसेसरमध्ये जात असेल तर? दोन ब्लॉकच्या मध्ये एक रेडिएटर हवाच. मी नेहमी तसाच बांधतो.

सावकाश
मिनिटाला ३ लिटर पाणी फिरत असेल तर ३२० वॉटचं कार्ड त्याला जेमतेम दीड अंशाने तापवतं. त्यासाठी ट्यूबचा पसारा वाढवण्यात अर्थ नाही. क्रमाचा एकच नियम मी पाळतो. रिझर्व्हॉयर पंपाच्या आधी आणि त्याच्या वर. बाकी जिथे ट्यूब सरळ जाते तिथे.

घनगर्द
दीड तर दीड, उन्हाळ्यात तेवढाही उपयोगी पडतो. मी अनुभवाचं बोलतोय, पुस्तकातलं नाही.

तांबट
कोणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. दोन्ही रेडिएटर तांब्याचेच आहेत ना? बंद (तयार, पाणी भरूनच मिळणाऱ्या) कूलरमधून काढलेला ॲल्युमिनियमचा एखादा लावला असेल तर आत्ताच काढा. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजतं आणि तो गाळ ब्लॉकच्या बारीक फटींत जाऊन बसतो. आणि बसवण्याआधी रेडिएटर आतून धुतले होते का? नव्या रेडिएटरमध्ये सोल्डरिंगचा फ्लक्स (डाग देताना वापरलेलं रसायन) राहिलेला असतो. गरम डिस्टिल्ड वॉटर भरायचं, दोन्ही तोंडं बंद करून पाच मिनिटं खळखळवायचं, पांढऱ्या भांड्यात ओतून बघायचं. पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा.

उत्तररात्र
दोन्ही तांब्याचे, डब्यावर तसं लिहिलंय. धुतले नव्हते, नवे कोरे होते म्हणून. पण माझा प्रश्न तो नाही. प्रोसेसर १०० वर का जातोय?

कातरवेळ
पांढरं दुधासारखं कूलंट घातलंत का? ते दिसतं छान, पण त्यातले कण कालांतराने खाली बसतात. माझा ब्लॉक आठ महिन्यांत इतका तुंबला की टाचणीने एकेक फट कोरून काढावी लागली. पारदर्शकच वापरा. आणि पारदर्शक मऊ ट्यूब वर्षभरात धुरकट होते, काळी ईपीडीएम रबराची ट्यूब घेतली असती तर ते टळलं असतं.

उत्तररात्र
पारदर्शक आहे. कालच भरलंय. आठ महिने झालेले नाहीत.

रानवारा
ब्लॉकच्या तळाचं प्लॅस्टिकचं पातळ आवरण काढलं होतं का? राग मानू नका, पण खूप जणांचं राहतं.

उत्तररात्र
काढलं होतं. नीट आठवतंय.

नळकांडं
ब्लॉकवर "इन" लिहिलेल्या तोंडातूनच पाणी आत जातंय का? कार्डाच्या बहुतेक ब्लॉकला दिशेने फरक पडत नाही, प्रोसेसरच्या ब्लॉकला पडतो. इनमधून आलेलं पाणी आतल्या पत्र्याच्या चिरेतून थेट मधल्या फटींवर आदळतं आणि दोन्ही बाजूंना पसरतं. उलटं जोडलं की तो झोत मिळतच नाही. पंपापासून ट्यूबवर बोट ठेवून निघा आणि बघा कुठे पोचता.

उत्तररात्र
बघितलं. उलटं आहे. पंपातून येणारी ट्यूब "आउट" ला लागलीय. म्हणजे हेच ना? यासाठी सगळं पाणी काढावं लागेल?

नळकांडं
सापडलं. पाणी काढा, ट्यूब अदलाबदल करा, काम झालं.

सावकाश
थांबा, पाणी काढू नका. उलट्या जोडणीने तापमान थोडं चढतं, पण काही न करता ५५ आणि २ सेकंदांत १०० एवढं होत नाही. आधी एक साधी गोष्ट करा. मशीन बंद करा, ब्लॉक दोन बोटांत धरा आणि हलकेच पिळून बघा. हलतो का?

उत्तररात्र
हो, थोडासा फिरतो. पण चारही नट पूर्ण घट्ट आहेत, त्यांच्या पुढे फिरतच नाहीत. मी कसून आवळलेत.

सावकाश
नट घट्ट आहेत आणि ब्लॉक सैल आहे, म्हणजे नट ब्लॉकला दाबत नाहीयेत, स्टँडऑफच्या (बोर्डावरचे खांब, ज्यांवर नट बसतात) खांद्यावर टेकून थांबलेत. ब्लॉक नवा की आधी कुठे वापरलेला?

उत्तररात्र
मित्राने दिला, त्याच्या जुन्या १०७००के वर होता. फार वापरलेला नाही. पिशवीत स्क्रूंच्या दोन पुड्या होत्या, एक फोडलेली आणि एक बंद. फोडलेली वापरली.

रानवारा
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं हो! १०७००के चं सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) एलजीए १२००, तुमचं एलजीए १७००. १७०० मध्ये प्रोसेसरची टोपी बोर्डापासून कमी उंचीवर असते. जुने स्टँडऑफ तुमच्या बोर्डावर उंच पडतात. फरक पुरता मिलिमीटरही नाही, पण ब्लॉक नीट न टेकायला तेवढा पुरे. बंद पुडी १७०० चीच असणार.

सावकाश
+१. आणि ट्यूब मऊ आहेत, त्यामुळे एक थेंबही काढायची गरज नाही. मशीन बंद करा, पॉवर सप्लायची वायर काढा, ब्लॉक ट्यूबसकट उचलून बाजूला धरा. खाली कोरडं फडकं ठेवा. फिटिंगवर ताण येऊ देऊ नका. पुसण्याआधी पेस्टचा ठसा बघा. मग स्टँडऑफ बदला, दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी पेस्ट लावा आणि नट तिरपे, एकाआड एक, अर्धा-अर्धा फेरा देत आवळा.

उत्तररात्र
केलं. ठसा असा होता: मधोमध अंगठ्याच्या नखाएवढा जाड डाग, ब्लॉक उचलताना त्याचे तंतू ओढले गेले. बाकी सगळं तांबं कोरं, जसं डब्यातून काढलं तसं. बंद पुडीतले स्टँडऑफ जुन्यांच्या शेजारी टेबलावर उभे केले तर वरची कड खाली बसलेली डोळ्यांना दिसते. त्यांनी बसवल्यावर नट आवळताना शेवटपर्यंत दाब जाणवत होता, ब्लॉक आता हलत नाही.

नुसतं चालू असताना ३४. सिनेबेंच १० मिनिटं चालवलं, सगळ्यात गरम कोर ८३, क्लॉक पडत नाही. रेंडर लावलाय. सावकाश, रानवारा, मनापासून आभार. मी पाणी काढायला बादली आणून ठेवली होती.

नळकांडं
छान झालं. पण ट्यूब उलटी आहे ती आहेच. ती सरळ केलीत तर ८३ चे आणखी कमी होतील.

तांबट
आणि रेडिएटर धुतलेले नाहीत. तो फ्लक्स आता पाण्यात आहे. दोन-तीन महिन्यांत पाणी बदला, तेव्हा रेडिएटर धुवा, ब्लॉक उघडून फटी बघा आणि त्याच वेळी ट्यूबही सरळ करा. एकाच उपसण्यात सगळी कामं होतील.

उत्तररात्र
रेंडर दिला की पुढच्या महिन्यात तेच करतो. पाणी काढताना तळाला एक व्हॉल्व्ह लावायचाही विचार आहे. कुठे लावावा?

घनगर्द
पंपाच्या बाहेर पडणाऱ्या बाजूला टी फिटिंग लावून, सगळ्यात खालच्या बिंदूवर. आणि लूप उघडणारच आहात तर २४० चा ३६० करून टाका.

अबोली
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. वर जंपरने फक्त पंप चालवायचं लिहिलंय, तो २४ पिनवर नक्की कुठे लावायचा?

पिंपळपार
हिरवी वायर आणि तिच्या शेजारची कोणतीही काळी. सगळ्याच वायर काळ्या असतील तर १६ आणि १७ क्रमांकाच्या पिना. पॉवर सप्लायसोबत तयार जंपर मिळाला असेल तर तोच वापरा. आणि रिझर्व्हॉयर भरल्याशिवाय स्विच दाबू नका.