घरच्यासारखं असलं तरी लेखी हवं

‘कामगार घरच्यासारखे असले की कागद लागत नाहीत, आणि चर्च रविवारपुरतं ठेवावं’ असं एक मत असतं, ते मला अर्धंच पटतं. धंद्यात धर्म मिरवू नये, मान्य. पण पगार लांबतो तो बहुतेक ‘घरच्यासारखं’ म्हणणाऱ्यांकडेच, कारण घरचा माणूस तोंड उघडून मागत नाही.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमच्या काकांचं छोटं मशीन शॉप आहे. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचा, कायदा १० कामगारांपासून लागतो, यांच्याकडे तेवढे कधीच नव्हते. तरी दर वर्षी प्रत्येकाच्या नावाने १५ दिवसांचा पगार ते बाजूला टाकतात आणि आकडा लिहून त्याच्या हातात देतात. चुलतभाऊ म्हणाला, कायदाच नाही तर कशाला? काकांनी बायबलमधलं लेवीय १९:१३ काढून दिलं: मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नये. उपदेश एवढाच, पुढे लगेच जॉब कार्डाचा, म्हणजे कामाच्या नोंदीचा, विषय! शॉपमध्ये प्रार्थनेला कुणाला बसवत नाहीत. निम्मे लोक वणीला पायी जाणारे, त्यांना नवरात्रात सुट्टी ठरलेली. ऑर्डरी आटल्या तेव्हा मात्र पहिला पगार थांबला तो चुलतभावाचा. तो अजून कुरकुरतो.